काळ्या डागाची भीती आणि बंद झालेली मिसळ

प्रश्न

नाशिकच्या सिडको भागातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. वय एक्केचाळीस. त्या घरीच ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. यजमान अंबडच्या एका कारखान्यात, मुलगी बारावीला. दिवाळीची साफसफाई उरकली त्या सुमारास त्यांना उजव्या गालाच्या आतल्या बाजूला एक काळपट डाग दिसला. तेव्हा तो तिळाएवढा होता, महिन्याभरात रुपयाच्या नाण्याएवढा झाला. दुखत नाही, रक्त येत नाही, जिभेला खरखर लागत नाही. त्याच बाजूची खालची दाढ तुटलेली आहे आणि तिची धार गालाला घासते. मोबाइलवर शोधलं तर ‘मेलानोमा’ (कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर) हे नाव आणि अंगावर काटा आणणारे फोटो समोर आले. दातांच्या डॉक्टरांनी डाग पाहून “बहुतेक साधाच असेल, पण तुकडा काढून तपासून घ्या” असं सांगितलं आणि दंत महाविद्यालयासाठी चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी शिवणयंत्राच्या खणात पडून आहे. कारण मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “सुई लागली की कॅन्सर पसरतो. मामंजींचं काय झालं ते आठव.” मामंजी तंबाखू खायचे. गालातली जखम त्यांनी वर्षभर अंगावर काढली, आणि तुकडा काढल्यावर काही महिन्यांतच ते गेले. डॉक्टर काहीतरी लपवत असावेत असा संशयही ताईंना येतो. यजमान हबकतील, ‘तू काय खात होतीस’ असं विचारतील, म्हणून त्यांनाही त्यांनी काही सांगितलेलं नाही.

भगिनी पुढे लिहितात : “मला कसलंही व्यसन नाही. सकाळी मिश्री लावते तेवढीच. ह्यांचं सुपारी-तंबाखू चालू असतं, पण त्यांच्या तोंडात एक डाग नाही. हल्ली तिखट तेवढं कमी केलंय, रविवारची मिसळसुद्धा बंद झाली, तोंड भाजतं म्हणतात. मग माझ्याच नशिबी हे का? मुलीची परीक्षा होईपर्यंत कुणाला न सांगता थांबले तर चालेल का?”

उत्तर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. परीक्षा होईपर्यंत थांबू नका. खणातली चिठ्ठी बाहेर काढा आणि येत्या आठ-दहा दिवसांत तपासणी उरकून घ्या. मी तुमचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे इथे बसून निदान करणार नाही. पण तुमचं वर्णन वाचून माझ्या मनात पहिल्यांदा कॅन्सर आला नाही, हेही सांगून टाकते. मला धसका बसला तो पत्रातल्या दुसऱ्याच एका वाक्याने. ते तुम्ही जाता जाता लिहून गेलात. त्याच्याकडे येतेच, आधी तुमच्या गालाचं बघू.

मोबाइलवर पाहिलेले फोटो खोटे नसतात. पण त्यांतले बरेचसे डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी काढलेले, आजार पार पुढे गेल्यावरचे असतात. साध्या डागाचा फोटो कोण कशाला टाकेल? म्हणून ‘तोंडात काळा डाग’ असं शोधलं की तो आजार किती जणांना होतो ते कळत नाही, किती भयंकर दिसू शकतो तेवढंच कळतं. तोंडातला मेलानोमा दुर्मीळ आहे. शरीरात कुठेही होणारे सगळे मेलानोमा धरले तर त्यांतले शेकडा एकापेक्षाही कमी तोंडात होतात, आणि तेही बहुतेक करून टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर. गालाच्या आत होतच नाही असं नाही. पण ती त्याची नेहमीची जागा नव्हे.

मग हा काळा रंग येतो कुठून? कातडीला सावळेपण देणाऱ्या पेशी तोंडाच्या आतल्या अस्तरातही असतात. गोऱ्या माणसाच्या तोंडातही त्या साधारण तेवढ्याच असतात, आपल्याकडे त्या रंग जास्त बनवतात एवढंच. त्यामुळे आपल्यातल्या कितीतरी जणांच्या हिरड्या लहानपणापासून तपकिरी असतात, दोन्ही बाजूंना सारख्या. तो रोग नाही. (लग्नाआधी ‘हिरड्या गुलाबी करून देतो’ अशा जाहिराती पाहून मुली येतात. हौस असेल तर करा बापड्यांनो, पण रंग काही काळाने परत येऊ शकतो, आणि मुळात बरं करायला तिथे काही नसतंच.)

या रंगपेशींना कुणी डिवचलं की त्या जास्त कामाला लागतात. दाढेची धार, दातांच्या कवळीची टोचणी, गाल चावायची सवय, काहीही पुरतं. तुम्ही लिहिलेल्या गोष्टी मी एकापुढे एक ठेवून पाहिल्या : गालाची आतली बाजू, घासणारी दाढ, सपाट न दुखणारा डाग, आणि आठवड्या-आठवड्याला वाढत गेलेला आकार. सावळ्या-गव्हाळ वर्णाच्या लोकांत, त्यातही विशी ते चाळिशीच्या बायकांत जास्त दिसणारा एक डाग अगदी असाच वागतो. त्याला मेलानोॲकॅन्थोमा म्हणतात. नाव भयंकर, स्वभाव गरीब. रंगपेशी एरवी अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरात गप बसलेल्या असतात, या डागात त्या वरच्या थरांपर्यंत विखुरलेल्या दिसतात. काही आठवड्यांतच तो काही सेंटिमीटर पसरू शकतो, आणि या वेगामुळेच माणूस हादरतो. पण त्याचा कॅन्सर होत नाही. बरेचदा तर तपासणीसाठी छोटा तुकडा काढला आणि घासणारी दाढ गुळगुळीत केली की उरलेला डाग आपोआप विरून जातो.

एवढं सगळं माहीत असताना तुकडा कशाला काढायचा, असं तुम्ही म्हणाल. तुमच्याच धंद्यातलं सांगते. काळ्या धाग्याची दोन रिळं शेजारी ठेवली तर सुती कुठलं आणि पॉलिएस्टर कुठलं हे नुसतं बघून तुम्हीही छातीठोकपणे सांगणार नाही. टोक जाळून पाहाल, तेव्हाच खात्री होईल. डागाचंही तसंच आहे. मेलानोमा सुरुवातीला सपाट आणि मुका असू शकतो. कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात दोन-तीन छटा, मध्येच उंचवटा, रक्त, जवळचे दात हलणं, या खुणा आम्ही पाहतोच. पण त्या नसल्या म्हणून डाग साधाच ठरतो असं नाही, आणि मेलानोॲकॅन्थोमाही अधूनमधून तशाच खुणा दाखवून घाबरवतो. नवा, एका बाजूला आलेला आणि वाढणारा काळा डाग नुसत्या डोळ्यांनी साधा ठरवायचा नसतो. तुमच्या डॉक्टरांनी ‘बहुतेक साधा’ म्हटलं तेही बरोबर, आणि तरी चिठ्ठी दिली तेही बरोबर. या दोन वाक्यांत तुम्हाला विसंगती वाटली, म्हणून ते काहीतरी लपवत आहेत असा संशय तुमच्या पत्रात डोकावतो. तसं काही नाही.

आता जाऊबाईंचं. त्यांनी तुमच्या काळजीपोटीच सांगितलं असेल, आणि हा समज काही त्यांच्या एकट्यांचा नाही. सुशिक्षित घरांतही तो पक्का बसलेला आहे. पण मामंजींच्या बाबतीत नीट क्रम लावून बघा. जखम वर्षभर अंगावर काढली. मग गिळवेना, की जबडा सुजला, की वजन उतरलं, तेव्हा कुठे दवाखाना गाठला असेल. तुकडा काढला तोवर आजार बहुधा फार पुढे गेलेला होता. घरच्यांनी पाहिलं ते एवढंच, की सुई लागली आणि त्यानंतर माणूस खंगत गेला. सुईवर आळ येतो तो असा. तोंडाचा कॅन्सर तुकडा काढल्याने शरीरभर पसरतो याला आधार नाही. उलट त्या तुकड्याच्या रिपोर्टशिवाय कुठलाही चांगला कॅन्सरतज्ज्ञ ऑपरेशन, किरणोपचार किंवा केमो सुरू करत नाही. मामंजींच्या गोष्टीतून घ्यायचंच झालं तर त्या वाया गेलेल्या वर्षाबद्दलचं घ्या.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे धाकधूक कमी होईल. पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात सकाळी केस पेपर काढला की तुम्हाला ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांच्या) विभागात पाठवतील. नाश्ता करून जा, उपाशीपोटी नको. तिथे आधी बरेच प्रश्न विचारतील : डाग कधी दिसला, किती वाढला, कुठल्या गोळ्या चालू आहेत, अंगावर आणखी कुठे असे डाग आहेत का. काचेच्या पट्टीने डाग दाबून बघतील. दाबल्यावर रंग फिका पडला तर तो रक्तवाहिन्यांचा गोळा असू शकतो, आणि मग त्याला हात लावण्याआधी वेगळी काळजी घ्यावी लागते. रक्तदाब, साखर पाहतील. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा, मात्र ती आपल्या मनाने बंद करून जाऊ नका. मग गालात भुलीचं इंजेक्शन. टोचल्याचं कळतं ते तेवढंच. काही मिलिमीटरचा तुकडा निघतो, एखाद-दुसरा टाका पडतो, तुम्ही चालत बाहेर येता. दोन-चार दिवस मऊ, गार जेवण, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा, आणि तोंडात मिश्री अजिबात नाही. रिपोर्टला साधारण आठवडा धरा. जास्तीचे खास रंग वापरून पेशी तपासाव्या लागल्या तर आणखी थोडे दिवस. त्याचा अर्थ लगेच वाईट काढू नका, काळ्या डागांत अशी जास्तीची तपासणी नेहमीची आहे.

तोवर डाग घासू नका. हळद, तुरटी, चुना लावून तो ‘जाळण्याचा’ प्रयत्न करून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. वर पांढरी जखम होते आणि खालचं काही ओळखू येत नाही. दाढेची धारही घरी कानशीने घासू नका, ते काम डॉक्टर काही मिनिटांत करतात. आणि दिवसातून वीसदा आरसा बघणं थांबवा. एक फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसकट. तो डॉक्टरांच्या कामाचा. बाकी वेळ जीभ तिकडे जाणारच, तिला काही आवरता येत नाही.

तुमच्यासारखंच आरशासमोर उभं राहून घाबरलेल्या इतर वाचकांसाठी थोडं विषयांतर करते. पूर्वी दाढेत चांदी भरलेली असेल आणि तिच्या जवळच्या हिरडीवर किंवा गालावर निळसर-करडा सपाट डाग असेल, तर बहुतेक वेळा ते चांदीचेच बारीक कण असतात. दात कोरताना किंवा काढताना ते आत शिरतात आणि जन्मभर तिथेच बसतात. एक्स-रेत कधी ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात, कधी इतके बारीक असतात की दिसतच नाहीत. काही करावं लागत नाही. खालच्या ओठावर तिळासारखा तपकिरी, सपाट, वर्षानुवर्षं तेवढाच राहिलेला ठिपका हाही बहुधा निरुपद्रवी. टाळूवर निळसर-करडी छटा आली असेल तर मलेरियासाठी किंवा संधिवातासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोरोक्वीनच्या घराण्यातल्या गोळ्या घेतल्या होत्या का, ते आठवा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या पुढच्या हिरड्या काळवंडतात, आणि ओढणं सोडल्यावर हळूहळू, कधी दोन-तीन वर्षांनी, उजळतात. आणि जांभळांच्या दिवसांत जीभ जांभळी होऊन एक गृहस्थ तातडीने आले होते, त्यांना मी चूळ भरायला सांगितलं.

दोन डाग मात्र तोंडापुरते नसतात. हिरड्या-गाल काळे पडताहेत, सोबत अंगही काळवंडतंय, वजन उतरतंय, उठल्यावर चक्कर येते, खारट खावंसं वाटतं, असं असेल तर दातांच्या नव्हे, फिजिशियनकडे जा. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कमी पडल्याची ती खूण असू शकते, आणि आपल्या देशात त्यामागे कधी कधी क्षयरोग असतो. तसंच लहान मुलाच्या ओठांवर आणि तोंडात बरेच बारीक तपकिरी ठिपके असतील आणि त्याचं पोट वारंवार दुखत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना ठिपके मुद्दाम दाखवा. आतड्यात गाठी होणाऱ्या एका आनुवंशिक आजारात ते दिसतात.

ताई, आता त्या वाक्याकडे येऊ. तुम्ही लिहिलंत, यजमानांच्या तोंडात एकही डाग नाही, तिखट तेवढं कमी केलंय, मिसळ बंद झाली, तोंड भाजतं म्हणतात. नाशिकचा माणूस रविवारची मिसळ आपखुशीने सोडत नाही. सुपारी खाणाऱ्या माणसाला तिखट सोसेनासं होणं ही तोंडातलं अस्तर ताठ होत चालल्याची पहिली तक्रार असू शकते. या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतली कातडी पांढुरकी, निबर होते, आत दोऱ्यांसारखे पट्टे हाताला लागतात, आणि तोंड उघडणं इतकं सावकाश कमी होतं की घरच्यांच्या लक्षातही येत नाही. कुणाला पाणीपुरी अख्खी तोंडात घेता येत नाही तेव्हा कळतं, कुणाला डॉक्टर ‘आ करा’ म्हणतात तेव्हा. याचं मूळ मुख्यतः सुपारीत आहे, मग ती मावा म्हणून खा, गुटखा म्हणून खा, नाहीतर नुसती कातरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला २००४ सालीच माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे, तंबाखू सोबत असो वा नसो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, आणि ती किती पाळली जाते ते टपऱ्यांवर दिसतंच. पण साध्या सुपारीवर बंदी नाही, आणि आपल्याकडे तिला कुणी व्यसनही म्हणत नाही. फायब्रोसिस झालेल्या सगळ्यांना कॅन्सर होतो असं मुळीच नाही. पण त्या तोंडात कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, हे पक्कं आहे.

भारतात २०२२ या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. पुरुषांत तर तो आपल्याकडचा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर आहे. यांतला काळा डाग घेऊन येणारा विरळाच. आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा पुसून न निघणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यातून, मखमली लाल चट्ट्यातून, दोन-तीन आठवडे झाले तरी न भरणाऱ्या जखमेतून सुरू होतो, आणि सुरुवातीला तो दुखत नाही. ‘डाग नाही’ म्हणून तुम्ही यजमानांना निर्धास्त सोडलंत आणि ‘डाग काळा आहे’ म्हणून स्वतःला फासावर चढवलंत. तुम्ही रंगाला घाबरलात, आणि तेही चुकीच्या रंगाला. तुमच्या घरात ज्या तोंडाची मला जास्त काळजी वाटते ते तुमचं नाही.

घरच्या घरी एक गोष्ट करता येईल. यजमानांना त्यांच्याच हाताची तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं उभी जुळवून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही बसली तर तोंड उघडण्यापुरतं ठीक. दोनच बसली तर थांबायचं कारण नाही. आणि तिन्ही बसूनही जळजळ असेलच तर तपासणी हवीच, कारण जळजळ आधी येते, तोंड कमी उघडणं नंतर. मोबाइलच्या उजेडात दोन्ही गाल आतून, हिरड्या, जिभेखालची जागा बघा. काही दिसलं नाही तरी डॉक्टरांना दाखवा, तुमच्या नजरेला ती सवय नाही. सुपारी बंद केली तर आजाराची वाढ मंदावते. आलेला ताठरपणा पूर्ण जात नाही, पण तोंडाचे व्यायाम, इंजेक्शनं, गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी बरंच सुसह्य होतं. तिखट सोडून सुपारी चालू ठेवणं मात्र अगदीच उलटं. ती मिसळ बिचारी निरपराध आहे.

म्हणूनच तुमचा दुसरा बेत, कुणाला न सांगण्याचा, मला पटत नाही. तुम्ही यजमानांना का सांगत नाही, याची दोन कारणं तुमच्या पत्रात दिसतात. ते हबकतील हे एक. ‘तू काय खात होतीस’ असं विचारतील, हे दुसरं. स्वतः सुपारीची पुडी खिशात ठेवणाऱ्याने हे विचारलं तर त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सुचेल. पण खरी गोष्ट अशी की बायकोला सोबत म्हणून आलेले कितीतरी पुरुष तिच्या निमित्ताने पहिल्यांदा स्वतःचं तोंड तपासून घेतात. स्वतःसाठी ते एका दिवसाची रजा टाकत नाहीत. मनात एकदा आलं होतं की तुम्हाला लिहावं, सोबत चला म्हणून न्या आणि तिथे गेल्यावर त्यांचाही केस पेपर काढा. पण चाळिशीच्या पुढच्या नवऱ्याला फसवून नेण्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं : माझा डाग तपासायचाय, आणि तुमचं तोंड भाजतंय तेही दाखवायचंय, एकाच दिवसात दोन कामं. ज्यांचे वडील याच आजाराने गेले त्यांना समजावून सांगायला फार बोलावं लागेल असं वाटत नाही. बोलले नाहीत, चिडले, तर त्या चिडण्यामागे भीती आहे एवढं धरून चाला आणि तरी न्या.

मुलीला? ती बारावीला आहे, लहान नाही. घरातली कुजबुज तिला कळतेच, आणि अर्धवट कळलेलं अभ्यासाच्या जास्त आड येतं. ‘गालात डाग आहे, डॉक्टर साधा म्हणाले, खात्रीसाठी तुकडा तपासणार आहेत’, एवढं पुरे. परीक्षा फेब्रुवारीत आहे, तपासणी डिसेंबरातच संपेल. तुम्ही परीक्षेचं कारण पुढे करताय, पण मला वाटतं तुम्हाला परीक्षेपेक्षा रिपोर्टची भीती जास्त आहे. ती असणारच. फक्त तिचा बोजा मुलीच्या नावावर टाकू नका, उद्या तिला कळलं तर ‘माझ्यामुळे आई थांबली’ हे तिच्या मनात राहील.

‘माझ्याच नशिबी का’ याचं उत्तर असं आहे की या डागासाठी नशीब लागत नाही, तुटलेली दाढ पुरते. व्यसन असेल त्यालाच तोंडाचं दुखणं यावं आणि नसेल त्याला येऊ नये, असा हिशेब शरीर ठेवत नाही. पण ताई, तुम्ही ‘कसलंही व्यसन नाही’ आणि ‘मिश्री तेवढीच’ ही दोन वाक्यं लागोपाठ लिहिलीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनही त्यात आहे आणि कॅन्सरला निमंत्रण देणारी द्रव्यंही. तुमचा काळा डाग मिश्रीने आला असं मी म्हणणार नाही, तसं ठरवता येणार नाही. पण पुढच्या वीस वर्षांत तुमच्या हिरड्यांना आणि गालाला खरा धोका कुठून आहे असं विचाराल, तर या डागाच्या आधी मी त्या डबीकडे बोट दाखवीन. यात तुमच्यावर दोष ठेवायचा हेतू नाही. आई-आजी लावायच्या म्हणून तुम्ही लावता, आणि ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे खरं वाटतं कारण शरीराला निकोटिनची सवय लागलेली असते. सोडल्यावर काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट रुसेल. कोमट पाणी, साधी पेस्ट, बडीशेप, आणि तलफ आली की पाच-दहा मिनिटं हात शिलाईत गुंतवणं, एवढ्याने बऱ्याच जणींचं भागतं. नाही भागलं तर तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. जिल्हा रुग्णालयातही समुपदेशनाची चौकशी करा. टाके पडल्यावर मिश्री बंद ठेवावीच लागणार आहे, तेव्हा सुरुवात त्याच दिवसापासून होऊ द्या. आणि यजमानांची सुपारी, तुमची मिश्री एकदमच थांबली तर घरात आठवडाभर कुरबुर होईल, पण एकमेकांवर लक्षही राहील.

रिपोर्ट आल्यावर काय? साधा निघाला तर दाढेचा कायमचा बंदोबस्त करा, टोपी बसवा किंवा काढून टाका, आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना डाग दाखवत राहा. तो रंगपेशींचा तीळ निघाला तर पूर्ण काढून टाका असं सांगतील, कारण वरून तो आणि मेलानोमा सारखेच दिसू शकतात. तेही छोटंच काम आहे. आणि समजा कॅन्सर निघाला, तर लवकर कळणं हीच त्यातली सगळ्यात मोठी मदत. कॅन्सरवरचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी ठेवा.

रिपोर्ट कुठलाही असो, तो हातात मागून घ्या आणि दोन झेरॉक्स काढा. एक घरच्या फाइलमध्ये, एक तुमच्या दातांच्या डॉक्टरांकडे. डाग विरून गेला तर उत्तमच. राहिला, तर उद्या नवा डॉक्टर गालात डोकावून दचकेल आणि पुन्हा तुकडा काढायला सांगेल, तेव्हा तो कागद पुढे करता येईल.